सुट्टीला जाताय ना? मग चालायची सवय तिथेच लावून घ्या, माथेरानला चार दिवसांत काय काय करता येतं ते सांगते

सुट्टीवरून आलो की दोन किलो वजन वाढणारच हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं असतं की लोक बॅग भरतानाच बोलून टाकतात, "आता आल्यावर बघू डाएटचं". मला हे फार खटकतं, कारण एखादी चांगली सवय लावून घ्यायला वर्षभरात सगळ्यात सोपे दिवस कुठले असतील तर ते सुट्टीचेच. डबे भरायचे नसतात, आठ-बाराची लोकल पकडायची नसते, मीटिंग नसते, आणि मुख्य म्हणजे घरातल्या ज्या ज्या गोष्टी आपल्याकडून जुन्या सवयी करून घेतात त्या समोरच नसतात. जेवलं की सोफा, सोफ्यावर बसलं की रिमोट, रिमोट हातात आला की फरसाणाचा डबा, ही साखळी आपण रोज ठरवून करत नाही, ती त्या जागेला चिकटलेली असते.

यावर अभ्यास झालेला आहे. वेंडी वूड नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक काम प्रसिद्ध केलं, एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम करणं, पेपर वाचणं, टीव्ही बघणं अशा सवयींचं काय होतं ते बघितलं. जिथे नव्या ठिकाणचं वातावरण जुन्यासारखंच होतं तिथे सवय तशीच टिकली, आणि जिथे वातावरण बदललं तिथे सवयीची पकड सुटली आणि मुलं आपल्याला खरंच काय करायचंय त्यानुसार वागायला लागली. चार दिवसांची ट्रिप म्हणजे काही गाव बदलणं नाही, पण पकड थोडी सैल होते हे नक्की, आणि त्या सैल झालेल्या दिवसांचा उपयोग करून घ्यायचा हेच या सगळ्या लेखात सांगायचंय.

आता कुठे जायचं. इथेच अर्धं काम होतं, म्हणून जरा विस्ताराने सांगते. मी कुणालाही पहिलं नाव माथेरानचं सांगते. का, तर तिथे गाडी चालतच नाही. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात, तिथे नगरपरिषदेचा कर भरायचा आणि पुढे बाजारपेठेपर्यंत साधारण अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालत जायचं, आरामात गेलं तरी पाऊण-एक तास. चालायचं नसेल तर घोडे आहेत, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल आहे आणि आता ई-रिक्षा पण सुरू झाल्यात, म्हणजे आजी-आजोबांची सोय होते. पण एकदा वर पोचलात की पॅनोरमा पॉइंट असो, लुईझा असो की शार्लोट लेक, पायांशिवाय फारसा पर्याय नाही, आणि म्हणूनच तिथे "आज चालायला जायचं का" असा प्रश्नच येत नाही, चालल्याशिवाय दिवसच पुढे सरकत नाही. जे घरी मनाशी भांडून करावं लागतं ते तिथे आपोआप होतं. उंची सुमारे ८०० मीटर, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मानाने हवा बरी, आणि बहुतेक वाटांवर झाडांची सावली. हे ठिकाण १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने शोधलं असं म्हणतात (शोधलं म्हणजे इंग्रजांनी नोंद घेतली, तिथल्या कातकरी-ठाकर लोकांना डोंगर आधीपासून माहीत होताच), १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने छोटी रेल्वे आणली, आणि एवढं सगळं होऊनही वर मोटारी येऊ दिल्या नाहीत, याबद्दल मला त्या गावाचं मनापासून कौतुक वाटतं.

जायला सोपं आहे. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ, पुण्याहून कर्जतला उतरून लोकलने नेरळ, आणि नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी. नेरळवरून वर जाणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल मात्र चालू असते. पहिल्यांदा जात असाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हे दिवस धरा, मे महिन्यात आणि लाँग वीकेंडला इतकी गर्दी असते की शांतपणे चालायची मजा निघून जाते.

पुढची गोष्ट, सवय एकच निवडायची. इथे बरेच लोक घसरतात, सुट्टीत पहाटे उठणार, योगा करणार, साखर सोडणार, मोबाइल बंद ठेवणार, तीन लिटर पाणी पिणार असं सगळं एकदम ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळंच सुटतं. आणि निवडताना एकच कसोटी लावा: हे मला घरी, माझ्या गल्लीत, माझ्या सोसायटीत जसंच्या तसं करता येईल का? रिसॉर्टच्या पूलमध्ये रोज पोहणं छान आहे, पण घराजवळ तलावच नसेल तर ती सवय चेकआऊटच्या दिवशी संपते. ट्रेकचं पण तेच. म्हणून माझं मत विचाराल तर शतपावली निवडा. रात्रीचं जेवण झालं की पंधरा मिनिटं बाहेर चालून यायचं, बस.

ऐकायला फारच साधं वाटतं पण याला आधार चांगला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी साठीच्या पुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या माणसांवर एक छोटा प्रयोग केला होता, प्रत्येक जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालायला लावलं, आणि रात्रीच्या जेवणानंतर जी साखर चढते ती आटोक्यात ठेवायला हे एकदम पंचेचाळीस मिनिटं चालण्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं. माणसं कमी होती त्या प्रयोगात, दहाच, पण आपल्या घरातल्या मोठ्या माणसांनी आयुष्यभर जे केलं त्याच्याशी ते जुळतं. आणि आपल्याकडे हा विषय हलक्यात घेण्यासारखा राहिलेला नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि जवळपास १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्या बऱ्याच कुटुंबांत कुणीतरी आहेच.

निघायच्या आधी दोन-चार कामं करून ठेवा. बूट नवीन नकोत, निदान दोन-तीन आठवडे पायात रुळलेले हवेत, माथेरानची लाल माती उतारावर सुटी असते आणि गुळगुळीत सोलची चप्पल सरकते, पाय मुरगळला की सुट्टी आणि सवय दोन्ही गेलं. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, कारण एरवीपेक्षा दुप्पट-तिप्पट चालणं झालं की साखर खाली येऊ शकते, खिशात ग्लुकोजची पावडर किंवा साखरेच्या गोळ्या ठेवा आणि बरोबरच्या माणसाला ते माहीत असू द्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोजून, एक-दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या.

आणि परतीचं तिकीट. हे मी मुद्दाम सांगते कारण याचा विचार कुणी करत नाही. सोमवारी ऑफिस असेल तर रविवारी रात्री अकराला घरी पोचायचं नाही, शनिवारी संध्याकाळी या. सुट्टीचा एक दिवस कमी झाल्यासारखा वाटतो खरा, पण घरी आल्यावरचा पहिला मोकळा दिवस ट्रिपमधल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त कामाचा असतो, का ते खाली येईलच. घरातून निघताना बिस्किटं-फरसाणाचे डबे संपवून किंवा कुणाला देऊन टाका, फ्रीजमध्ये उरलेलं आईस्क्रीम ठेवून जाऊ नका, आणि चालायचे जुने बूट-चप्पल दाराशेजारी काढून ठेवा. आल्यावर दमलेल्या माणसाला घर जे दाखवेल तेच तो करतो.

आता तिथले दिवस. सकाळचं सांगते आधी. उजाडायच्या सुमाराला उठा आणि चहा झाला की नाश्त्याच्या आधी बाहेर पडा, फोटो काढायला फोन लागेल तर एकाच माणसाने घ्या, बाकीच्यांचे खोलीवर राहू देत. पॅनोरमा पॉइंट सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे पण बाजारपेठेपासून चांगलंच लांब आहे, एक दिवस तिकडे, बाकीचे दिवस जवळच कुठेतरी. सकाळच्या उजेडाचा फायदा झोपेला होतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, टॉर्च नाही, फोन नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी, तर त्यांच्या शरीराचं घड्याळ जवळजवळ दोन तास अलीकडे आलं, म्हणजे रात्री लवकर पेंग यायला लागली आणि सकाळी जाग सहज यायला लागली. हॉटेलात राहून तेवढं होणार नाही, पण दिवसभर बाहेर उन्हात-सावलीत राहिलं आणि रात्री खोलीवर टीव्ही लावलाच नाही तर तिसऱ्या रात्रीपासून फरक जाणवतो. फोन चार्जिंगला पलंगापासून लांब लावा, हात पोचणार नाही इतका लांब. ही पण एक गोष्ट अशी आहे की जी घरी आल्यावर काहीही खर्च न करता तशीच चालू ठेवता येते.

खाण्याचं म्हणाल तर मी सुट्टीत कुणाला उपाशी राहायला सांगणार नाही. माथेरानची बरीच हॉटेलं तिन्ही वेळचं जेवण धरून पैसे घेतात, आणि मग पैसे वसूल करायच्या नादात ताट भरत जातं, नाश्त्याला इडली पण, पोहे पण, पुरी-भाजी पण, आणि वर टोस्ट. एवढंच करा, ताट हातात घ्यायच्या आधी एकदा सगळं टेबल फिरून बघा काय काय आहे, मग जे खरंच आवडतं ते दोन-तीन पदार्थ घ्या आणि बसून सावकाश खा. गोड दुपारी खा, रात्री टाळा. चार वाजता भूक लागते चालून चालून, तेव्हा शेंगदाणे-चणे, काकडी, पेरू जवळ असू द्या (पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं ओढून नेतात, सॅकमध्ये ठेवा, आणि त्यांना खायला घालू पण नका). चिक्की घरी नेऊन वाटायची असते, ती वाटायलाच ठेवा. आणि मित्रांचा ग्रुप असेल, रात्री बसायचा बेत असेल तर त्याने झोप खराब होते, गाढ झोप लागतच नाही, सकाळचं चालणं मग कुणी उठून करत नाही, हे आधीच सांगून ठेवायला लाजू नका.

रात्रीचं जेवण आठच्या आत उरका, तिथे जमतं, करायला दुसरं काही नसतं. आणि ताटावरून उठलं, हात धुतले, की थेट चपला. खोलीत जायचं नाही, टेकायचं नाही, "पाच मिनिटांत निघू" म्हणायचं नाही. हात धुतले की चपला, हा क्रम पायांना लागायला हवा. बाजारपेठेतून स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं, दिवे असतात, माणसं असतात, सुरक्षित वाटतं, एकदम अंधाऱ्या वाटेला रात्री जाऊ नका, दगड-मुळं दिसत नाहीत. मुलं असतील तर त्यांना पुढे चालू द्या, वाट त्यांनाच दाखवू द्या. सासूबाईंचे किंवा आईचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पॉइंटच्या चढ-उतारावर ओढत नेऊ नका, वर येताना ई-रिक्षा, आणि मग माधवजी गार्डनच्या आसपास सपाटीवर दहा मिनिटं, त्यांची शतपावली तेवढीच आणि ती पुरे. सगळं कुटुंब एकत्र निघालं हे महत्त्वाचं, कारण घरी आल्यावर एकमेकांना उठवणारं कुणीतरी लागणार आहे.

हा क्रम मी का घोटून सांगतेय ते पण सांगते. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात दाखवून दिलंय की "मी जास्त चालेन" असं ठरवणाऱ्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करेन" असं ठरवणाऱ्या माणसाकडून ते काम जास्त वेळा होतं. आणि हात धुणं ही गोष्ट माथेरानला पण आहे, डोंबिवलीला पण आहे, कोथरूडला पण आहे. म्हणून सवय तिला बांधायची, सनसेट पॉइंटला बांधली तर ती तिथेच राहील.

पावलं मोजायचं घड्याळ हातात असेल तर माथेरानला दिवसाला पंधरा हजार सहज दाखवेल आणि छान वाटेल, पण तो आकडा घरी आणू नका. दहा हजार हा आकडा तरी कुठून आला, १९६५ मध्ये जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त अमेरिकन बायकांचा अभ्यास आला, त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. आई-बाबांना हे जरूर वाचून दाखवा, कारण "आमच्याने कुठे होणार दहा हजार" म्हणून अनेक जण शून्यावर बसून राहतात.

माथेरान नको असेल तर कोकणात घरगुती राहण्याची सोय बघा, दापोलीकडे आंजर्ले, मुरुड, कर्दे कुठेही. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर ओल्या घट्ट वाळूतून चालायचं, सकाळी पेज किंवा घावन-चटणी, दुपारी कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, आणि मालकीणबाईंना आदल्या दिवशी सांगितलं की तेल कमी, रात्री हलकं, तर त्या आनंदाने करतात. फक्त गाडी घेऊन गेलात की रोज एक देऊळ, एक किल्ला, एक हॉटेल असं सुरू होतं आणि दिवस सीटवरच जातो, त्यामुळे तीन दिवसांतला निदान दीड दिवस गाडीची किल्ली काढायचीच नाही.

आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी एक. भारतात सुट्टी काढून युरोपात परत गेलात की पहिले काही दिवस पहाटे चार-पाचलाच टक्क जाग येते. लोक कुशी बदलत पडून राहतात. ते दिवस फुकट घालवू नका, उजाडलं की बाहेर पडा, लवकर उठायची सवय लावायला इतकी आयती संधी परत मिळत नाही.

आता घरी आल्यावरचा पहिला आठवडा, सगळ्यात नाजूक भाग. चार दिवसांत सवय लागत नाही, हे स्पष्ट सांगते म्हणजे निराश व्हायला होणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, एखादी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातच असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. म्हणजे माथेरानला सुरुवात होते, बाकीचे दोन महिने घरी काढायचे आहेत.

म्हणून ज्या दिवशी घरी याल त्याच रात्री पंधरा मिनिटं चालायचं. बॅगा तशाच राहू देत, मशीन उद्या लावा. बाहेरून काही मागवू नका, मुगाच्या डाळीची खिचडी आणि पापड, वीस मिनिटांत होते, जेवायचं, हात धुवायचे, चपला. हे त्या रात्री झालं नाही तर दुसऱ्या रात्री दुप्पट जड जातं. दुसरा दिवस मोकळा ठेवायला सांगितला तो यासाठी, सकाळी भाजी आणा, मूग भिजत घाला, दही लावा, आणि शतपावलीची वाट ठरवा: गेटपासून कुठल्या कोपऱ्यापर्यंत, कुत्री कुठे असतात, दिवे कुठे नाहीत, परत यायला किती वेळ लागतो. वाट ठरलेली नसली की "कुठे जायचं" मध्येच दहा मिनिटं जातात आणि मग मालिका सुरू होते.

पहिल्या आठवड्यात वेळ वाढवू नका, वेग वाढवू नका, पंधरा म्हणजे पंधरा. कुणी दमलं असेल तर पाच मिनिटं, पण दाराबाहेर पडायचं. सुट्टीनंतर, महिन्याच्या सुरुवातीला, वाढदिवसानंतर माणसाला नवं काही सुरू करायची उमेद जास्त असते असं २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं, ती उमेद पुढे ओसरते, आणि तेव्हा ती हात धुतले-चपला ही जोडीच कामाला येते. महिन्याभराने जड वाटेनासं झालं की सकाळची वीस मिनिटं जोडा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तर भरभर चाललात तर रात्रीची पंधरा आणि सकाळची वीस मिळून तुम्ही तिथे आरामात पोचता.

पाहुणे आले तर त्यांना पण बरोबर घ्या, बहुतेकांना आवडतं, गप्पा पण नीट होतात. लग्नाहून किंवा बाहेरून जेवून आलात तर घराच्या अलीकडच्या चौकात उतरा आणि उरलेलं अंतर चाला. रात्रपाळीवाल्यांनी जे मुख्य जेवण असेल त्याच्यानंतर चालावं, घड्याळात किती वाजलेत ते बघू नये. आणि पाऊस सुरू झाला की बंद पाडू नका, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा, पार्किंग नसेल तर गॅलरी किंवा हॉल, फर्निचर थोडं भिंतीला सरकवलं की दहा-बारा पावलांची सरळ वाट मिळते आणि तेवढी पुरते.